कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंत

१९०८ च्या सुमारास कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून एका विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आले. शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह सुरू झाले होते आणि त्याच्या समारंभाला हा विद्यार्थी उपस्थित राहिला होता. परत आल्यावर स्नान करून मगच पंक्तीला बसावे, असे त्याला बजावण्यात आले. त्याने ते मानले नाही आणि त्याचे अंथरूण-पांघरूण बाहेर आले. परगावच्या गरीब विद्यार्थ्याचे वसतिगृह सुटले की त्याची शाळाही सुटते. या मुलाला शाहू महाराजांनी आश्रय दिला खरा, परंतु मॅट्रिकची परीक्षा तो कधीच उत्तीर्ण झाला नाही. हेच पुढे कर्मवीर म्हणून विख्यात झालेले भाऊराव पायगोंडा पाटील होत.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी, जैन कुटुंबात झाला. स्वभाव लहानपणापासून बंडखोर. अभ्यासापेक्षा कुस्तीची ओढ अधिक. पुढे १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले, तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. लठ्ठे हे जैन समाजाचे आणि त्याच बोर्डिंगचे धुरीण. तिथल्या कटू आठवणींचा सूड घ्यायला संधी चालून आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

त्यानंतरच्या काळात साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत खेडी पायाखाली घातली. नांगर विकताना त्यांना जे दिसले, तेच त्यांच्या आयुष्याचे कार्य ठरले. गावात हुशार मूल असे. चौथी झाली की ते गुरांमागे जाई. पुढची शाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला होती. तिथे फी माफ झाली, तरी मुलाने राहायचे कुठे आणि खायचे काय, हा प्रश्न उरतच असे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचा कारभार साताऱ्यास आला आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाची रीत समजून घेण्याजोगी आहे. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सारी मुले एका पंक्तीला जेवत. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, कपडे धुणे ही कामे मुलांनीच पाळीपाळीने करायची. शेतात राबायचे, इमारतीसाठी दगड फोडायचे, माती वाहायची. धान्य येई ते मुष्टिफंडातून. गावोगावच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. त्या मुठीमुळे ज्या घरात कुणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घराचाही शिक्षणाशी संबंध जुळला. शहरातील सुखवस्तू लोकांना मुलांकडून श्रम करवून घेणे कठोर वाटे, आणि तो आक्षेप अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. दिवसभर कुदळ चालवलेल्या मुलाला रात्री पुस्तकावर डुलकी येणारच. भाऊरावांचा विचार मात्र वेगळा होता. दान घेतलेला मुलगा मान खाली घालून शिकतो, श्रमाने मिळवलेली भाकरी खाणारा तसा शिकत नाही, असे त्यांचे मत अनुभवातून बनले होते.

या संसाराचा खरा भार मात्र लक्ष्मीबाईंवर पडला. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींची मुले आपली मानली. अण्णा वर्गणीसाठी गावोगाव फिरत आणि इकडे कोठीतले धान्य संपे. असे प्रसंग एकदोन नव्हेत, वारंवार आले. प्रत्येक वेळी अंगावरचा एकेक दागिना उतरला. शेवटी मुलांच्या धान्यासाठी मंगळसूत्रही गेले. संस्थेच्या जमाखर्चात देणगीदारांची नावे येतात. हे सोने कोणत्या रकान्यात मांडायचे? १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांच्या त्यागाची कथा आज मोठ्या आदराने सांगितली जाते, पण त्यांनी सोसलेल्या काळजीचा विचार त्या मानाने फार थोडा होतो.

पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. १९४० साली साताऱ्यात माध्यमिक शाळा निघाली; तिला बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राबाहेर राज्य करूनही शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राला ऋणी करून ठेवणाऱ्या राजाचे ते उचित स्मरण होते. पण मॅट्रिक झालेली मुले पुन्हा त्याच उंबरठ्यावर अडू लागली. महाविद्यालय म्हणजे परक्या शहरातले राहणे, खानावळ, फी आणि पुस्तके. चौथीनंतर उभी राहिलेली भिंत आता मॅट्रिकनंतर उभी होती, एवढाच फरक.

म्हणून जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. गरीब विद्यार्थ्याला फी नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. त्याने ठरलेले तास संस्थेच्या कामावर राबावे. कमवा आणि शिका ही योजना पुढे अनेक विद्यापीठांनी स्वीकारली, पण बहुतेक ठिकाणी ती ग्रंथालयातील वा कार्यालयातील दोन तासांच्या कामापुरती उरली. साताऱ्यात पदवीचे विद्यार्थी हातात पहार घेऊन माळरान फोडत होते. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली आणि कॉलेजचे नाव बदलावे अशी अट घातली, तेव्हा अण्णांनी शिवछत्रपतींचे नाव बदलायला साफ नकार दिला, अशी गोष्ट साताऱ्यात आजही सांगतात.

वसतिगृहात वाढलेली माणसेच या कॉलेजचे बळ ठरली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्याचे ठळक उदाहरण. अण्णांच्या छायेत शिकलेला हा विद्यार्थी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला आणि बाहेरच्या मानमरातबाकडे पाठ फिरवून संस्थेतच अध्यापक झाला. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्वतः घासलेल्या भांड्यांत जेवलेला प्राध्यापक समोर उभा असला, की पहिल्या वर्षाच्या बुजऱ्या मुलाला वेगळा धीर द्यावा लागत नसे.

कॉलेज सुरू होऊन वर्ष लोटते न लोटते तोच संकट ओढवले. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी मुंबई सरकारवर प्रखर शब्दांत टीका केली आणि सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. त्यांची जीभ तिखट होती, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पण रागाची किंमत पडणार होती ती हजारो मुलांच्या ताटातून. शिक्षकांनी अर्ध्यामुर्ध्या पगारावर दिवस काढले, खेड्यापाड्यांतून पुन्हा मुठी जमल्या. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान सुरू झाले. १९५४ साली संस्थेने कऱ्हाडला दुसरे कॉलेज काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या घरात जाऊ लागली होती.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही पदवी अर्पण केली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला ती देताना विद्यापीठाचाच गौरव झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. काही आठवड्यांतच, ९ मे १९५९ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

संस्थेच्या जुन्या उपक्रमांत एका पतपेढीचेही नाव येते. उच्च शिक्षणासाठी निघालेल्या गरीब विद्यार्थ्याला तिथून कर्ज मिळे. नोकरी लागली की त्याने ते फेडायचे, म्हणजे तीच रक्कम पुढच्या मुलाच्या हाती पडे. पतपेढीला नाव दिले होते लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचे.