ऑटिझमचं निदान बदलू शकतं का? लिओ कॅनर यांच्या ११ मुलांचं पुढे काय झालं?

अडीच-तीन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोलत नाही. एकलहऱ्याहून आईबाबा त्याला घेऊन नाशिकला जातात आणि कागदावर ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, असं लिहून मिळतं. मग घरात एकच प्रश्न उरतो: हे आता कायमचं का? हे निदान पहिल्यांदा मांडणाऱ्या डॉक्टरनेच याचं उत्तर शोधायला सुरुवात केली होती.

कोण होते कॅनर?

लिओ कॅनर यांचा जन्म १८९४ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या, आज युक्रेनमध्ये असलेल्या एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये ते डॉक्टर झाले. मध्येच महायुद्ध आल्याने पदवी १९२१ पर्यंत लांबली. १९२४ मध्ये ते अमेरिकेत गेले. १९३० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी बालमानसोपचाराचा विभाग सुरू केला आणि १९३५ मध्ये या विषयावरचं पहिलं इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिलं.

१९३८ मध्ये मिसिसिपी राज्यातून पाच वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. वडिलांनी त्याच्याबद्दल आधीच ३३ पानी टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं. पालकांची निरीक्षणं गांभीर्याने घेणं, हा कॅनर यांचा मोठा गुण. अशा आणखी मुलांना तपासून १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांवर लेख लिहिला: आठ मुलगे, तीन मुली. यातली काही मुलं ‘मतिमंद’, काही बहिरी, तर काही स्किझोफ्रेनियाची असल्याचं त्यांच्या घरच्यांना आधी सांगण्यात आलं होतं. म्हणजे ऑटिझमचं निदानच मुळात जुनी निदानं बदलून पुढे आलं.

पुढे त्यांची मोठी चूकही झाली. आईवडिलांच्या थंडपणाकडे त्यांनी बोट दाखवलं आणि कित्येक आयांनी हा दोष वर्षानुवर्षं वाहिला. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. फार उशिरा, पण केलं.

२८ वर्षांनी काय दिसलं?

१९७१ मध्ये कॅनर यांनी त्याच ११ जणांचा माग काढला. मिसिसिपीचा तो मुलगा बँकेत नोकरी करत होता. लहानपणी त्याला शेतावरच्या एका जोडप्याकडे ठेवलं होतं. त्यांनी त्याच्या आकडे मोजण्याच्या छंदाला कामाची दिशा दिली होती. आणखी एक जण कार्यालयात प्रती काढण्याचं यंत्र चालवत होता. उलट ज्यांना सरकारी संस्थांमध्ये ठेवलं, त्यांची उरलीसुरली कौशल्यंही गेली होती. निदान सगळ्यांचं एकच, आयुष्यं मात्र पार वेगळी. कॅनर १९८१ मध्ये वारले.

आजचं संशोधन काय म्हणतं?

निदान बदलू शकतं, पण सगळ्यांचं नाही. बोस्टनमध्ये एक ते तीन वर्षांच्या वयात ऑटिझमचं निदान झालेल्या २१३ मुलांची पाच ते सात वर्षांच्या वयात पुन्हा तपासणी झाली. त्यातली ७९ मुलं, म्हणजे सुमारे ३७ टक्के, आता निकषांत बसत नव्हती. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची कामं सुरुवातीपासून बऱ्यापैकी जमणाऱ्या मुलांमध्ये आणि मुलींमध्ये हे प्रमाण जास्त होतं. हा थेरपीचाच परिणाम, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. ‘आम्ही ऑटिझम बरा करतो’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर हे लक्षात ठेवावं.

निकषांबाहेर गेलेल्या मुलाला पुढे अतिचंचलता, चिंता किंवा भाषेची अडचण राहू शकते. त्यामुळे निदान सुटलं म्हणून शाळेतली मदत लगेच थांबवणं धोक्याचं. दुसरीकडे, पुढे निदान बदलेल या आशेवर आज थेरपी लांबवणंही तितकंच वाईट.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. त्या वेळी जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत आणि शाळेत जाण्याच्या वयात फेरतपासणी आवर्जून मागावी. श्रवणचाचणी झाली नसेल, तर ती आधी.