सीमा ओलांडणारी साथ

फिगर स्केटिंग म्हटले की आजच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे कोवळ्या वयाची, सडपातळ, हवेत गिरक्या घेणारी मुलगी उभी राहते. पंचविशी उलटली की खेळाडूच्या निवृत्तीची चर्चा सुरू होते. या खेळाच्या इतिहासात मात्र एक असे नाव आहे, ज्याची कहाणी पंचविशीतच सुरू झाली आणि त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत चालली. लुडोविका याकोबसन हे ते नाव. दुहेरी प्रकारात तीन वेळा जागतिक विजेतेपद आणि ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या या स्त्रीने आपल्या कारकिर्दीत साम्राज्ये कोसळताना पाहिली, युद्धात आठ वर्षे गमावली, स्वतःचा देशही बदलला. बदलला नाही तो फक्त तिचा जोडीदार.

लुडोविका आयलर्सचा जन्म २५ जुलै १८८४ रोजी जर्मनीतील पोट्सडॅम येथे झाला. प्रशियाच्या राजांचे हे निवासाचे शहर बर्लिनच्या अगदी लगतचे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये स्केटिंगचे वारे जोरात वाहू लागले होते. तोवर हा खेळ हिवाळ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. तळी गोठली तरच खेळ. यंत्रांनी बर्फ गोठवण्याची कला साधल्यावर शहरांतून बंदिस्त बर्फमैदाने उभी राहू लागली आणि नोकरदार माणसालाही संध्याकाळी सराव करणे शक्य झाले.

याच बर्लिनमध्ये १९०७ साली लुडोविकाची गाठ वॉल्टर याकोबसन या तरुणाशी पडली. ६ फेब्रुवारी १८८२ रोजी हेलसिंकीत जन्मलेला वॉल्टर अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी जर्मनीत आला होता. फिनलंड तेव्हा स्वतंत्र राष्ट्र नव्हते. १८०९ पासून रशियाच्या सम्राटाच्या अधिपत्याखालील ती एक ‘ग्रँड डची’ होती. म्हणजे एक जण जर्मन कैसरची प्रजा, तर दुसरा रशियन झारची. पुढे सात वर्षांनी हेच दोन सत्ताधीश एकमेकांविरुद्ध रणांगणात उतरणार होते. बर्लिनच्या बर्फावर सराव करणाऱ्या या दोघांना त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

त्या काळातील दुहेरी स्केटिंग आजच्यासारखे नव्हते. जोडीदाराला डोक्यावर उचलून धरणे, हवेत भिरकावणे हे प्रकार नंतरचे. तेव्हा सारा भर एकत्वावर होता. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. शरीर एका बाजूला झुकवून त्यातील एका कडेवर भार दिला की बर्फावर वक्ररेषा उमटते. एकट्याने ही रेषा निर्दोष काढणे कठीण. दोघांनी हात धरून, एकाच वेगाने, एकाच कलाने काढणे त्याहून कठीण. एकाचा गुडघा क्षणभर उशिरा वाकला तरी परीक्षकांच्या ते लक्षात येई. अशा खेळात ताकदीपेक्षा वर्षानुवर्षांची सवय कामी येते. लुडोविका आणि वॉल्टर यांच्या दीर्घ कारकिर्दीचे रहस्य बहुधा इथेच आहे.

हा प्रकार आणखी एका अर्थाने वेगळा होता. १९०२ साली लंडनच्या मॅज सायर्सने पुरुषांबरोबर जागतिक स्पर्धेत उतरून दुसरा क्रमांक पटकावला, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटना गोंधळात पडली आणि पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना त्या स्पर्धेचे दार बंद केले. स्त्रियांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद सुरू झाले ते १९०६ मध्ये, आणि दुहेरीचे १९०८ मध्ये. दुहेरीत स्त्री आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच गुणांकनाखाली उभे राहत. तिथे यश मिळाले तर दोघांचे, चूक झाली तर तीही दोघांची.

१९१० मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत आयलर्स-याकोबसन जोडीने रौप्यपदक मिळवले. त्यांच्या पुढे होते ते १९०८ चे ऑलिंपिक विजेते, जर्मनीचे अ‍ॅना ह्यूब्लर आणि हाइन्रिश बर्गर. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९११ मध्ये, व्हिएन्नात या जोडीने पहिले जागतिक विजेतेपद पटकावले. अर्थात त्या विजयाची एक बाजू नोंदवायलाच हवी. त्या वर्षी दुहेरीत दुसरी जोडी उतरलीच नव्हती. मात्र त्याच व्हिएन्नात लुडोविका महिलांच्या एकेरीतही उतरली आणि हंगेरीच्या लिली क्रोनबर्गर व ओपिका फॉन मेराय होरवाथ यांच्यामागोमाग तिने ब्राँझपदक मिळवले. तिच्या कौशल्याचा तो स्वतंत्र पुरावा होता.

या दोन्ही वर्षी निकालपत्रकात तिच्या नावापुढे जर्मनी आणि वॉल्टरच्या नावापुढे फिनलंड असे लिहिलेले आढळते. एका जोडीचे दोन देश! १९११ मध्येच दोघांचा विवाह झाला आणि त्यानंतर लुडोविका याकोबसन फिनलंडतर्फे खेळू लागली. १९१२ मध्ये मँचेस्टरला ब्रिटनच्या फिलिस आणि जेम्स जॉन्सन यांनी, तर १९१३ मध्ये स्टॉकहोमला ऑस्ट्रियाच्या हेलेन एंगेलमान आणि कार्ल मेइस्ट्रिक यांनी त्यांना दुसऱ्या क्रमांकावर रोखले. १९१४ च्या जानेवारीत सेंट मॉरिट्झला याकोबसन दांपत्याने याच ऑस्ट्रियन जोडीला मागे टाकून विजेतेपद परत मिळवले. या वेळी कोणतीही पळवाट उरली नव्हती. ते जगातील सर्वोत्तम ठरले होते.

त्यानंतर सहाच महिन्यांत महायुद्ध पेटले. जागतिक स्पर्धा बंद पडली, ती १९२२ पर्यंत भरलीच नाही. तीस ते अडतीस ही वर्षे कोणत्याही खेळाडूच्या आयुष्यातून वजा केली, तर मागे फारसे काही उरत नाही. युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये, हे दांपत्य हेलसिंकीला स्थायिक झाले. जन्माने जर्मन असलेली स्त्री जर्मनीशी लढणाऱ्या साम्राज्यातील एका शहरात राहू लागली. पण ते साम्राज्यही फार टिकले नाही. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केले. पाठोपाठ १९१८ च्या आरंभी देशात यादवी युद्ध भडकले आणि एप्रिलमध्ये जर्मन फौजा हेलसिंकीत शिरल्या. लुडोविकाची जन्मभूमी आणि कर्मभूमी अशा रीतीने तिच्या दारातच समोरासमोर आल्या.

या साऱ्या उलथापालथीनंतर १९२० चे ऑलिंपिक आले. यजमान शहर होते बेल्जियममधील अँटवर्प. ऑक्टोबर १९१४ पासून युद्ध संपेपर्यंत हे शहर जर्मनीच्या ताब्यात होते. युद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झालेले. जखमा ओल्या होत्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियाला या ऑलिंपिकचे निमंत्रणच नव्हते. लुडोविका पोट्सडॅममध्येच राहिली असती, तर तिच्यासाठी अँटवर्पचे दरवाजे बंदच राहिले असते. एका फिनिश अभियंत्याशी जडलेल्या नात्यामुळे ते उघडले.

मुख्य स्पर्धा ऑगस्टमध्ये सुरू व्हायच्या होत्या, पण स्केटिंग एप्रिलमध्येच उरकून घेण्यात आले. २६ एप्रिल १९२० रोजी आठ जोड्या बर्फावर उतरल्या. लुडोविका पस्तीस वर्षांची होती, वॉल्टर अडतीस वर्षांचा. बलाढ्य ऑस्ट्रियन जोड्या नव्हत्या हे खरे. पण जे होते त्यांच्यात आणि याकोबसन दांपत्यात मोठे अंतर पडले. सर्व परीक्षकांनी त्यांनाच पहिली पसंती दिली. नॉर्वेच्या अलेक्सिया आणि इंग्वार ब्रीन यांना रौप्य मिळाले, तर फिलिस जॉन्सनने बॅसिल विल्यम्स या नव्या जोडीदारासह ब्राँझ मिळवले.

फिनलंडच्या दृष्टीने या पदकाचे मोल वेगळेच होते. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये फिनिश धावपटू जिंकत, तेव्हा रशियाचा ध्वज चढवला जाई. स्वतंत्र फिनलंडचे हे पहिले ऑलिंपिक. त्या उन्हाळ्यात पावो नुर्मीसारख्या धावपटूंनी देशाचे नाव गाजवले, पण त्याच्या चार महिने आधीच नव्या राष्ट्राच्या खात्यावर सुवर्णपदक जमा झाले होते आणि त्यात निम्मा वाटा पोट्सडॅममध्ये जन्मलेल्या स्त्रीचा होता. फिगर स्केटिंगमध्ये फिनलंडला ऑलिंपिक सुवर्ण मिळाले ते तेवढेच.

यानंतर दोघांनी थांबणे स्वाभाविक ठरले असते. ते थांबले नाहीत. १९२२ मध्ये दाव्होसला हेलेन एंगेलमानने आल्फ्रेड बर्गरच्या साथीने त्यांना हरवले. १९२३ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लोत, त्यांनी तिसऱ्यांदा जागतिक अजिंक्यपद मिळवले. लुडोविका तेव्हा अडतीस वर्षांची होती. १९२४ मध्ये शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. तिथे एंगेलमान-बर्गर जोडीला सुवर्ण, याकोबसन दांपत्याला रौप्य आणि फ्रान्सच्या आंद्रे जोली व पियर ब्रुने या तरुण जोडीला ब्राँझ मिळाले. चार वर्षांनी सेंट मॉरिट्झला हेच फ्रेंच खेळाडू विजेते ठरले. त्याच स्पर्धेत त्रेचाळीस वर्षांची लुडोविका आणि शेहेचाळीस वर्षांचा वॉल्टर पाचव्या क्रमांकावर आले. ती त्यांची शेवटची ऑलिंपिक स्पर्धा.

लुडोविकाचे उरलेले आयुष्य हेलसिंकीतच गेले. १९५२ चे ऑलिंपिक याच शहरात भरले. १० जून १९५७ रोजी वॉल्टरचे निधन झाले आणि अर्ध्या शतकाची साथ संपली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी लुडोविकानेही निरोप घेतला. त्याच वर्षी ग्रेनोबल येथे दुहेरीचे सुवर्णपदक लुदमिला बेलोसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव्ह या सोव्हिएत पती-पत्नींनी जिंकले होते. ओलेग तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. संसार आणि स्केटिंग एकाच जोडीदाराबरोबर करण्याची रीत पुढच्या पिढ्यांतही टिकली होती.

सर्वाधिक वयाच्या महिला जागतिक विजेतीचा लुडोविकाचा विक्रम शंभर वर्षे अबाधित राहिला. २०२४ मध्ये माँट्रियल येथे कॅनडाच्या डिअ‍ॅना स्टेलाटो-डुडेकने चाळिसाव्या वर्षी दुहेरीचे विजेतेपद मिळवून तो मोडला. तीही जन्माने अमेरिकन. जोडीदार मॅक्सिम देशांप याच्यासाठी देश बदलून ती कॅनडाकडून उतरली होती. ऑलिंपिकमधील सर्वाधिक वयाची महिला स्केटिंग विजेती हा मान मात्र अजूनही अँटवर्पमध्ये पस्तिसाव्या वर्षी जिंकलेल्या लुडोविका याकोबसनकडेच आहे.