कृत्तिकांवरून काळ मोजणारा शिक्षक

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म 1853 साली दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत राहिल्या. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. शाळेचे काम सांभाळून जुने ज्योतिषग्रंथ मिळवायचे आणि त्यांतले गणित स्वतः करून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. सामान्य वाचकाला आकाशाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले.

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. आज मात्र गोंडपिपरीतून पाहिले तर त्या पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतात. याचे कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो. एका फेरीला सुमारे 26 हजार वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकत जातात. दीक्षितांनी हे गणित उलटे मांडले. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत तो काळ इसवी सनापूर्वी 3000च्या सुमाराचा निघाला. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. गणित मात्र कोणालाही तपासता येते.

याच डोलण्यामुळे पंचांगही मागे पडते. सूर्य उत्तरेकडे वळतो 22 डिसेंबरच्या सुमारास, आपली संक्रांत येते 14 जानेवारीच्या आसपास. साधारण 72 वर्षांत हे अंतर एका दिवसाने वाढते. सण ऋतूंना धरून राहावेत म्हणून विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. समाजाने ते उचलले नाही.

1896 साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेले भारतीय कालगणनेवरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. दोनच वर्षांनी, 1898 मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी दीक्षित गेले.

1957 साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचे वर्ष वसंतसंपाताला धरून, 22 मार्चला सुरू होते. घरातले पंचांग मात्र जुन्याच वाटेने चालते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी, अंधार पडताच, चंद्र उगवण्याआधी पूर्वेकडे पाहावे. जंगलपट्ट्यातल्या काळोखात कृत्तिकांचा झुबका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. होकायंत्राने दिशा ताडून पाहिली की दीक्षितांचे गणित अंगणातच समजते.