डॉ. रुस्तम वकील आणि मनाचे रसायन

धुतलेले हात पुन्हा पुन्हा धुणारा किंवा लावलेली कडी दहा वेळा तपासणारा माणूस घरीदारी चेष्टेचा विषय होतो. याला मंत्रचळ म्हणून आपण मोकळे होतो. पण मनाच्या विकारांचे मूळ शरीरातही असू शकते, हे ज्या संशोधनाने जगाला पटले, त्याच्या आरंभी मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ उभे होते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले व मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करू लागले. वाढलेल्या रक्तदाबावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आपल्या सह्याद्रीतही उगवणाऱ्या सर्पगंधेची मुळी वैद्य मंडळी वेडावर पूर्वापार देत. तिने रक्तदाबही उतरतो, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले होते. वकिलांनी ती रोग्यांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते मनोरुग्णांना शांत करी. पण रक्तदाबाचे काही रोगी त्याने उदास होत. १९५५ च्या सुमारास उलगडा झाला, की रिसर्पिन सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता करते. रसायन बदलले की मनही बदलते, या विचाराला येथे बळ मिळाले. पुढे सेरोटोनिनवर परिणाम करणाऱ्या क्लोमिप्रामिनने मंत्रचळाच्या रोग्यांना गुण येऊ लागला.

रिसर्पिन हे काही मंत्रचळाचे औषध नव्हे, आणि सेरोटोनिन हे त्याचे एकमेव कारणही नव्हे. मेंदूचा पुढचा भाग व आतील केंद्रे यांच्यातील संदेशांचे चक्र या आजारात थांबता थांबत नाही, असे आज मानतात. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे. औषधाबरोबर वर्तनोपचारही उपयोगी पडतो.

डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक व १९५८ साली पद्मभूषण मिळाले. १९७४ साली ते निवर्तले. रक्तदाबाच्या रोग्याला आपण कधी हसत नाही. मग मंत्रचळाने गांजलेल्याला का हसावे? त्यालाही डॉक्टरांकडेच न्यावे, हाच या चरित्रातून घ्यावयाचा बोध होय.