केसांचे टोप विकणारा देश

सॅमसंग, ह्युंदाई म्हटलं की आपल्याला कोरिया आठवतो. पण याच दक्षिण कोरियाने एके काळी केसांचे टोप विकून डॉलर कमावले, हे वाचलं तेव्हा मी उडालेच! त्या काळाचे नायक (आणि माझ्या मते थोडे खलनायकही) म्हणजे पार्क चुंग-ही.

त्यांचा जन्म १९१७ चा, गुमीजवळच्या गरीब शेतकरी कुटुंबात. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. पार्क आधी शाळामास्तर झाले, मग मांचुरियात जपानच्या बाजूच्या सैन्यात गेले. जपान हरल्यावर कोरियाच्या सैन्यात आले, तिथे कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, नोकरी गेली, आणि १९५० चं युद्ध पेटल्यावर परत मिळाली. १६ मे १९६१ ला जनरल पार्कनी बंड करून सत्ताच घेतली.

हातात काय आलं? दरडोई वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरच्या आत, आणि अमेरिकेच्या मदतीवर मदार. तेल, यंत्रं आणायला डॉलर हवेत, आणि डॉलर हवेत तर काहीतरी विकायला हवं. १९६४ मध्ये वॉनची किंमत जवळजवळ निम्मी केली, त्यामुळे कोरियन माल बाहेर स्वस्त झाला. निर्यातदाराला कमी व्याजाने कर्ज, कच्च्या मालावर आयात कर माफ. दर महिन्याच्या बैठकीत पार्क स्वतः आकडे तपासायचे (आपल्या सबमिशनसारखंच!). माल म्हणजे कपडे, बाहेरून लाकूड आणून केलेलं प्लायवूड आणि टोप. टोपांसाठी खेड्यातल्या बायकांनी वेण्या कापून विकल्या. १९६४ मध्ये निर्यात १० कोटी डॉलरवर पोचली, १९७७ मध्ये १,००० कोटींवर! जपानकडून मिळालेल्या भरपाईतून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला. कारखान्यातल्या मुली घरी पैसे पाठवू लागल्या, त्यावर भाऊ शिकले.

तरी सगळं श्रेय पार्कना देणं मला पटत नाही. जमिनीचं वाटप आणि शाळांचा प्रसार त्यांच्या आधीच झाला होता. आणि किंमत मोजली ती शिवणयंत्रावर बसलेल्या पोरींनी. कामगार कायदा होता, पण कागदावर. तो पाळा, एवढ्याच मागणीसाठी १९७० मध्ये सोलच्या कपडा बाजारातल्या चॉन ते-इल या २२ वर्षांच्या कामगाराने स्वतःला पेटवून घेतलं. पार्कनी मात्र १९७२ मध्ये घटना बदलून स्वतःची खुर्ची कायमची पक्की केली.

ऑगस्ट १९७९ मध्ये टोप बनवणारीच एक कंपनी बंद पडली. तिथल्या मुलींनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठाण मांडलं. पोलीस घुसले, त्यात एक मुलगी मेली. विरोधी नेत्याची खासदारकी काढून घेतली गेली, बुसान आणि मासानमध्ये लोक रस्त्यावर उतरले. हे कसं दडपायचं यावरून सरकारातच फूट पडली. २६ ऑक्टोबरच्या रात्री जेवणाच्या टेबलावर पार्कच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने त्यांना गोळ्या घातल्या.