शिवाजीराव पटवर्धन

डॉ. शिवाजीराव गणेश पटवर्धन ऊर्फ दाजीसाहेब (२८ डिसेंबर १८९२ – ७ मे १९८६) हे अमरावती येथील होमिओपॅथी चिकित्सक, स्वातंत्र्यसैनिक व समाजसेवक होते. विदर्भ महारोगी सेवा मंडळाचे आणि कुष्ठरुग्णांसाठी वसविलेल्या ‘तपोवन’ या वसाहतीचे ते संस्थापक होत. वऱ्हाडात कुष्ठसेवा म्हटली की पहिले नाव त्यांचेच निघते. भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

पूर्वायुष्य

पटवर्धन यांचा जन्म जमखंडी परिसरातील आसंगी या गावी झाला. होमिओपॅथीचे शिक्षण त्यांनी कोलकाता येथे घेतले आणि पुढे अमरावतीत व्यवसाय सुरू केला. ते मूळचे वऱ्हाडातील नव्हेत. तरी पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच प्रांतात काढले. शहराच्या सार्वजनिक जीवनात ते लवकरच ओळखले जाऊ लागले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाशी त्यांचा निकटचा संबंध होता. गांधीजींच्या नेतृत्वाखालील चळवळीत भाग घेऊन त्यांनी कारावासही भोगला.

तपोवनाची स्थापना

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले असताना, म्हणजे राजकारणात मानाची स्थाने मिळण्याचा काळ जवळ आला असताना, पटवर्धन यांनी कुष्ठसेवेचा मार्ग धरला. १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या वतीने अमरावती शहराबाहेर तपोवनाची उभारणी सुरू झाली. संस्थेच्या नावातील ‘महारोगी’ हा शब्द त्या काळी सर्रास वापरला जाई. आता तो अवमानकारक मानला जातो व ‘कुष्ठरुग्ण’ असे म्हटले जाते. संस्थेच्या नावात मात्र जुना शब्द टिकून आहे.

कुष्ठसेवेची परंपरा या भागाला अगदीच नवी नव्हती. परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय पूर्वीपासून होते आणि वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले होते. परंतु वऱ्हाडातील बहुतेक रुग्णांचे जिणे देवळांच्या पायऱ्या, यात्रा आणि रेल्वे स्थानके यांच्या आसऱ्यानेच जात असे. कायदाही त्यांच्या बाजूचा नव्हता. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबता येत असे. हिंदू विवाह कायद्यात (१९५५) कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून घातले गेले, ते २०१९ मध्ये वगळण्यात आले.

तपोवन हे डांबून ठेवण्याचे ठिकाण होऊ नये, असा पटवर्धन यांचा प्रयत्न होता. शेती, सुतारकाम, विणकाम यांसारखे उद्योग तेथे सुरू झाले व ते रुग्णांनीच चालविले. बोटे झडलेल्या माणसाच्या हाताला काम देणे हा दयेचा भाग नव्हता. भिक्षेवर जगणारा मनुष्य एका गावी टिकत नाही, आणि जो एका गावी टिकत नाही त्याच्यावर वर्षानुवर्षांचा उपचार करता येत नाही. पटवर्धन यांच्या कार्याचे वैद्यकीय महत्त्व प्रामुख्याने येथे आहे. ते स्वतः होमिओपॅथीचे चिकित्सक होते व कुष्ठरोगावरील कोणत्याही औषधाचा शोध त्यांच्या नावावर नाही. परंतु औषध पूर्ण होईपर्यंत रुग्णाला राहता येईल अशी जागा त्यांनी निर्माण केली, आणि त्या काळी या जागेची उणीव औषधाच्या उणिवेइतकीच मोठी होती.

औषधोपचाराचा काळ

तपोवन उभे राहिले तेव्हा कुष्ठरोगाचे उपचारशास्त्र पालटत होते. त्यापूर्वी कडू कवठीच्या (चौलमोगरा) तेलाची वेदनादायक टोचणी हाच मुख्य उपाय होता आणि त्याचा गुण बेताचाच येई. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत कारव्हिल येथे सल्फोन गटातील औषधे परिणामकारक ठरली. त्याच दशकात मद्रास इलाख्यातील चेंगलपट्टू येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी डॅप्सोनचा वापर सुरू केला. डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, तोंडाने घेता येत होती आणि खेड्यातही पोहोचू शकत होती. तपोवनाची पहिली तीन दशके हा देशभर डॅप्सोनचाच काळ होता.

गोळी मिळाली तरी ती घेत राहणे कठीण होते. हा रोग ज्या जंतूमुळे होतो त्याची वाढ अतिशय मंद असते. त्यामुळे उपचार काही वर्षे आणि तीव्र प्रकारात तर जन्मभर चालू ठेवावा लागे. चट्टा फिका पडला की रोग गेला असे रुग्णाला वाटे व गोळी सुटे. याउलट, उपचार चालू असतानाच कधी चट्टे लाल होऊन सुजत, नसा दुखू लागत, ताप येई. शरीराच्या या प्रतिक्रियेला औषधाचा अपाय समजूनही अनेक जण उपचार सोडत, आणि नेमक्या त्याच वेळी दुर्लक्ष झाल्याने हात किंवा पाय कायमचा लुळा पडे. अशा रुग्णाला समोर बसवून, प्रतिक्रियेवर वेगळा उपचार असतो व मूळ औषध थांबवायचे नसते हे पटवून देणे, हे परिचारिकांचे व सेवकांचे रोजचे काम होते.

अर्धवट व अनियमित उपचाराचे फळ पुढे दिसले. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू अस्तित्वात आहेत हे १९६४ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले. एकच औषध दीर्घकाळ दिल्याने व ते मध्येच सुटल्याने प्रतिरोध कसा निर्माण होतो, याचे हे जुने व स्पष्ट उदाहरण होय. त्यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यात डॅप्सोनच्या जोडीला रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक आणि रोगाच्या तीव्र प्रकारात क्लोफॅझिमिन देण्यात येऊ लागले. रिफॅम्पिसिनची महिन्याची मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच घ्यायची, असा नियम झाला. या औषधाने लघवी तांबूस होते व क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते. हे आधी सांगितले नाही तर घाबरलेला रुग्ण पाकीट फेकून देतो, म्हणून ही माहिती पहिल्याच दिवशी देण्याची पद्धत पडली.

औषधाने जंतू मरतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही, चुलीवरचे भांडे हाताला भाजते तेही कळत नाही. म्हणून रोज तळपाय पाहणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ तळाची पादत्राणे वापरणे आणि जखम झाली तर पायाला विश्रांती देणे हे शिक्षण उपचाराइतकेच आवश्यक ठरले. शेजारच्या वर्ध्यात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री घालून दिली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमानेही घरी राहून उपचार घेण्यावर भर दिला. त्यामुळे तपोवनासारख्या निवासी वसाहतींची गरज काय, असा प्रश्न पुढे विचारला जाऊ लागला. तो गैरलागू नव्हता. मात्र ज्यांना घरानेच बाहेर काढले होते त्यांना घरी राहून उपचार घेण्याचा सल्ला उपयोगाचा नव्हता, आणि तपोवनात येणारे बरेच जण याच वर्गातील होते.

उत्तरकाळ व वारसा

पटवर्धन यांना दीर्घायुष्य लाभले. बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली तेव्हा त्यांचे वय ८८ वर्षांचे होते. १९८३ मध्ये केंद्र सरकारने नियंत्रण कार्यक्रमाचे रूपांतर राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात केले. जन्मभर चालणारा उपचार त्यानंतर काही वर्षांवर आणि पुढे सहा ते बारा महिन्यांवर आला. ७ मे १९८६ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी पटवर्धन यांचे निधन झाले.

भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एका रुग्णाहून कमी झाल्याचे २००५ च्या अखेरीस नोंदविले गेले. तथापि नवे रुग्ण आजही आढळतात. अमरावतीत तपोवन हे आता शहराच्या एका भागाचेही नाव झाले आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचा (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) परिसर याच भागात असून, एकेकाळी ज्या बाजूला जाण्याचे लोक टाळत त्या रस्त्याने आता विद्यार्थ्यांची ये-जा असते.