थकलेल्या हातांतले विमान

अंबरनाथच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून सकाळी दुचाकीवर बदलापूर किंवा उल्हासनगरला निघालेला माणूस अपघात होऊन रुग्णालयात येतो. तो प्यायलेला नव्हता, असे नातेवाईक आधी सांगतात. बहुतेकदा ते खरेच असते. तो फक्त झोपलेला नसतो. अशा वेळी मला एमी जॉन्सन आठवते.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफिल्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनला वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली आणि फावल्या वेळात विमान चालवायला शिकली. १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना तर मिळवलाच, पण विमान दुरुस्त करण्याचाही मिळवला. ५ मे १९३० रोजी एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन ती क्रॉयडनहून एकटी निघाली आणि कराची, झाशी, कोलकाता करत २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री.

१९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या वैमानिकाशी लग्न केले. पुढच्याच वर्षी दोघांनी अटलांटिक ओलांडायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी डी हॅविलंड कंपनीचे ‘ड्रॅगन’ विमान निवडले. लाकूड आणि कापडाचे, एकावर एक पंख असलेले, १३० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांचे हे विमान मुळात सहा प्रवाशांना जवळच्या गावी नेण्यासाठी होते. प्रवाशांच्या जागी इंधनाच्या टाक्या बसवल्या, नाव ठेवले ‘सीफेअरर’.

२२ जुलै १९३३ रोजी त्यांनी वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवरून उड्डाण केले. सुमारे ३९ तासांनी न्यूयॉर्क जेमतेम ९० किलोमीटर उरले, तेव्हा इंधन संपत आले होते. अमेरिकेत रात्र होती, पण त्यांच्या शरीराचे घड्याळ अजून वेल्सचेच, म्हणजे ऐन पहाटेचे. ब्रिजपोर्टच्या धावपट्टीवर जिमने विमान वाऱ्याच्या दिशेनेच उतरवले. एरवी वैमानिक वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, म्हणजे वेग कमी राहतो. विमान धावपट्टी ओलांडून दलदलीत उलटले. दोघे जखमी झाले, पण वाचले. दोन्ही इंजिने ठणठणीत होती. थकला होता तो माणूस.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जाते. चहा-कॉफी त्याचा परिणाम काही काळ झाकते, साचलेले काढत नाही. ते फक्त झोपेने उतरते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधगिरी आणि हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यात काही सेकंदांची डुलकी नकळत लागते. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरहून अधिक अंतर बंद डोळ्यांनी.

पुढे एमी आणि जिमचा घटस्फोट झाला. महायुद्धात ती लष्करी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवू लागली. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत मार्गापासून दूर गेलेले तिचे विमान टेम्स नदीच्या मुखाशी पडले. तिला वाचवायला गोठत्या पाण्यात उडी घेतलेला नौदल अधिकारीही दगावला. एमीचा मृतदेह सापडलाच नाही. ती ३७ वर्षांची होती.

रात्रपाळीनंतर शक्य तर लोकलने किंवा रिक्षाने घरी जा. दुचाकीच न्यायची असेल, तर आधी कारखान्यातच वीस मिनिटे झोपा, जाग आल्यावर तोंड धुऊन थोडे थांबा, मग किल्ली फिरवा. वाटेत जांभया सुरू झाल्या तर गाडी बाजूला घ्या. घर जवळ आले, हे पुढे जात राहण्याचे कारण नव्हे. ब्रिजपोर्टहून न्यूयॉर्कही जवळच होते.